विश्लेषण : गच्चीला चुना लावला तर घर खरेच गार होते का? कसा लावायचा आणि कुठे लावायचा नाही?

भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. उन्हाचा चटका वाढला की मोबाइलवर एक व्हिडीओ हमखास फिरू लागतो. बादलीभर चुना, थोडा पांढरा गोंद, एक कुंचा आणि वर दावा, ‘एसी विसरा, घर दहा अंशांनी गार’. पाहणाऱ्यांपैकी अनेक जण सुट्टीच्या दिवशी कुंचा घेऊन गच्चीवर चढतातही. हा उपाय स्वस्त आहे, शास्त्राला धरून आहे आणि बऱ्याच अंशी घरच्या घरी करता येतो. पण दहा अंशांचा दावा फुगवलेला आहे, प्रत्येक छताला चुना चालत नाही आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याकडे बहुतेक वेळा स्वतःची गच्चीच नसते.

वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही का तापते?

निरभ्र आकाश असताना उन्हाळ्याच्या भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट एवढी सौरऊर्जा पडते. २०० चौरस फुटांची खोली धरली, तर तिच्या छताचे क्षेत्रफळ सुमारे १८.६ चौरस मीटर होते. म्हणजे त्या एका खोलीच्या डोक्यावर दुपारी साडेअठरा किलोवॉट ऊर्जा येते.

काळवंडलेला जुना स्लॅब यातील साधारण ७० टक्के ऊर्जा शोषून घेतो, म्हणजे सुमारे १३ किलोवॉट. ही सगळी उष्णता खोलीत उतरत नाही. बराचसा भाग वारा घेऊन जातो, काही भाग छत पुन्हा आकाशाकडे सोडते. उरलेली उष्णता मात्र काँक्रीटमध्ये मुरते आणि हळूहळू खाली सरकते. चार-पाच इंचांचा स्लॅब ओलांडायला तिला काही तास लागतात. म्हणून दुपारी दोनचे ऊन खोलीत संध्याकाळनंतर जाणवते. रात्री दहाला बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छताला हात लावला तर ते अजून कोमटच लागते.

हा प्रश्न नुसता गैरसोयीचा नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ लागतो. तो मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकव्याने होते. वृद्ध, लहान मुले, गरोदर महिला आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना याचा धोका अधिक. हवामान विभागही कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त वर गेले, तर ‘उष्ण रात्र’ अशी वेगळी नोंद करतो.

चुन्याने नेमके काय होते?

चुन्याचा ताजा, दाट पांढरा थर सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक सूर्यप्रकाश परत फेकतो. वरच्याच उदाहरणात छत १३ ऐवजी साधारण साडेपाच किलोवॉट ऊर्जा शोषेल. फरक साडेसात किलोवॉटचा, म्हणजे भर दुपारी छतावरून एक हजार वॉटचे सात-आठ हीटर बंद केल्यासारखा.

इथे दोन गुण लागतात. पहिला, प्रकाश परतवण्याचा. दुसरा, जी थोडी उष्णता शोषली गेली ती पटकन बाहेर सोडण्याचा. चुना, सिमेंट आणि बहुतेक रंग दुसऱ्या गुणात चांगले असतात. चकचकीत धातू मात्र त्यात कच्चा असतो. नवा कोरा पत्रा उन्हात लखलखतो, तरी हात लावला तर भाजतो, त्याचे कारण हेच.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठवाडा आणि सोलापूर भागातील माळवदाच्या घरांवर, खानदेशातील धाब्याच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकणे हे घरातलेच काम होते. छत गळू नये हा मुख्य हेतू, पण जाड पांढऱ्या थरामुळे खालची खोलीही थंड राहायची. शहरातल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर दिसणारा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅकही तेच काम करतो. सिमेंटचा उघडा स्लॅब आला आणि दरवर्षी छताकडे लक्ष देण्याची सवय गेली.

मग फरक किती पडतो?

गुजरातमध्ये अहमदाबादसह इतरत्र झालेल्या कामांचा हवाला देताना तज्ज्ञ साधारणपणे २ ते ५ अंशांची घट सांगतात. छताच्या पृष्ठभागाचे तापमान याहून बरेच जास्त उतरते. व्हिडीओतील दहा-पंधरा अंशांचे आकडे बहुतेक वेळा या पृष्ठभागाचे असतात, खोलीतल्या हवेचे नसतात.

खोलीत किती फरक पडेल, हे चार गोष्टींवर ठरते : छत आधी किती काळे होते, ते किती जाड आहे, पश्चिमेची भिंत आणि खिडकी किती तापते आणि रात्री हवा खेळते का. छत पांढरे केले, पण पश्चिमेच्या काचेतून तीन तास ऊन आत येत असेल, तर निम्मे काम वाया. खालच्या मजल्यांना तर काहीच फायदा नाही. सात मजली इमारतीत हा उपाय फक्त सातव्या मजल्याचा आहे.

फरक स्वतः मोजणेही सोपे आहे. खोलीचे तापमान दाखवणारा साधा डिजिटल तापमापक घ्या. चुना लावण्याआधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर रोज रात्री नऊला आतले आणि बाहेर सावलीतले तापमान लिहून ठेवा. पाहायचा तो या दोहोंतील फरक. एकट्या आतल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, कारण बाहेरचा दिवसच थंड असू शकतो. बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक पृष्ठभाग मोजतो आणि चकचकीत पत्र्यावर चुकीचा आकडा दाखवतो.

घरच्या घरी चुना कसा लावायचा?

हे काम काँक्रीटच्या, कठडा असलेल्या सपाट गच्चीसाठी आहे. योग्य वेळ फेब्रुवारी-मार्च. उशीर झाला असेल तर एप्रिलमध्येही चालते, मात्र सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

१. आधी गळती आणि भेगा पाहा. चुना वॉटरप्रूफिंग नाही. मोठी भेग, फुगलेले प्लास्टर किंवा उघडी पडलेली गंजकी सळई दिसली, तर कुंचा बाजूला ठेवा आणि जाणकार अभियंत्याला दाखवा. पांढऱ्या थराखाली हे दोष झाकले जातात, वाढत मात्र राहतात.

२. गच्ची खराट्याने झाडा, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, पाण्याने धुऊन वाळू द्या. धुळीवर लावलेला चुना पहिल्याच वाऱ्यात पापुद्रे धरतो.

३. कळीचा चुना आणला असेल, तर १ किलोला साधारण ५ लिटर पाणी धरा. चुना पाण्यात थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. या वेळी मिश्रण उकळते आणि अंगावर उडते. प्लास्टिकची बादली नको, लोखंडी डबा किंवा जुने पिंप घ्या. मुलांना जवळ येऊ देऊ नका. २४ तास मुरू द्या आणि जाड कापडातून गाळा. ही कटकट नको असेल, तर विरवलेल्या चुन्याची तयार पावडर मिळते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी तीच घ्यावी.

४. चिकटपणासाठी डिंक गरम पाण्यात विरघळवून किंवा लाकूडकामाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून मिसळा. गोंद जास्त झाला की थर पिवळसर होतो, त्यामुळे थोडक्यात आटोपा.

५. गच्ची हलकी ओली करून पातळ हात मारा. वाळल्यावर आडव्या दिशेने दुसरा आणि गरज वाटल्यास तिसरा. एकच जाड हात मारला की तडे जातात.

६. चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. चुना डोळ्यात गेला, तर डोळा न चोळता स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५-२० मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. चुन्याने बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

साहित्याचा खर्च एका खोलीच्या छताला काही शे रुपयांत बसतो. गावोगावचे दर वेगळे असतात. पावसाळ्यात यातला बराच चुना धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. यात एक फायदाही आहे. विदर्भातल्या कडाक्याच्या थंडीत छत पुन्हा मळके झालेले असते आणि थोडी ऊब धरते. बाजारात मिळणारे छतासाठीचे पांढरे अ‍ॅक्रिलिक लेप काही वर्षे टिकतात, पण ते बरेच महाग पडतात आणि धूळ बसली की त्यांचीही चमक उतरते. दोन्ही प्रकारांत उन्हाळ्यात गच्ची अधूनमधून झाडणे आलेच.

गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडत असाल, तर पहिल्या पावसांचे पाणी पन्हळीतून बाहेर वळवा.

पत्र्याच्या घराचे काय?

व्हिडीओ बहुतेक वेळा चुकतात ते इथेच. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर चुना नीट धरत नाही. शिवाय ओला चुना जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमवर रासायनिक परिणाम करतो. पत्र्याला धातूसाठीचा प्रायमर आणि वर बाहेरच्या वापराचा पांढरा रंग हेच योग्य.

त्याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. सिमेंटचा जुना पत्रा वरून भक्कम दिसतो आणि पाय देताच फुटतो. पत्र्यातून खाली पडून माणसे दगावतात किंवा कायमची जायबंदी होतात. त्यामुळे पत्र्यावर चढण्याचे काम घरच्या घरी करण्याच्या यादीत नाहीच. शिडीवर उभे राहून लांब दांड्याच्या रोलरने जेवढे पोहोचेल तेवढेच करा. बाकीचे काम खालच्या अँगलवर आडव्या फळ्या टाकून, दोर बांधून काम करणाऱ्या सरावाच्या माणसावर सोडा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकते. तो घासणे, खरवडणे किंवा त्याला भोक पाडणे टाळा, त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात.

पत्र्याखाली मात्र स्वतः करण्यासारखे बरेच आहे. आतून बांबूच्या चटईचे किंवा जाड पुठ्ठ्याचे खोटे छत बांधून मध्ये वीतभर हवेची जागा ठेवली आणि दोन्ही टोकांना हवा जायला वाट दिली, तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. हे छत चूल, गॅस आणि विजेच्या तारांपासून दूर हवे. पावसाळ्यासाठी घातलेली काळी-निळी ताडपत्री उन्हाळ्यात ऊन शोषते. ती काढा किंवा पांढरी बाजू वर येईल असे जुने फ्लेक्स अंथरा.

चुना की गच्चीवरची बाग?

झाडे दुहेरी काम करतात. सावली देतात आणि पानांतून पाणी सोडून हवा गार करतात. प्रश्न वजनाचा आहे. भारतीय मानक ‘आयएस ८७५’नुसार माणसांचा वावर असलेली सपाट गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो वापरभार धरून आखली जाते. ओल्या मातीचा फक्त सहा इंचांचा थर चौरस मीटरला २४० ते ३०० किलो भरतो. सगळ्या गच्चीवर माती पसरून हिरवळ लावण्याचा विचार असेल, तर हे गणित आधी अभियंत्याकडून तपासून घ्यायला हवे.

घरच्या घरी करायचे, तर कुंड्या आणि ग्रो बॅग्ज बऱ्या. माती, शेणखत आणि कोकोपीट यांचे हलके मिश्रण घ्या. मोठ्या कुंड्या खालच्या बीम किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवा, खोलीच्या मधोमध नको. कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवले तर पाणी साचत नाही आणि स्लॅब ओला राहत नाही. कठड्यावर कुंडी ठेवू नका, वादळात ती खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडते.

दुधी, दोडका, कारले, कृष्णकमळ असे वेल मांडवावर चढवले, तर थोड्या मातीत मोठी सावली मिळते. वेल वाढेपर्यंत डोक्याच्या वर हिरवी शेडनेट ताणता येते. विदर्भात उन्हाळ्यात तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव घालतात, तेही याच तत्त्वावर. मात्र वाळलेला मांडव पेट घेतो आणि सैल बांधलेली नेट वळवाच्या वाऱ्यात उडून विजेच्या तारांवर जाते. जिथे पाण्याचीच टंचाई आहे, तिथे मार्च ते मेमध्ये बाग जगवण्यापेक्षा चुना परवडतो. जिथे सांडपाण्याचा पुनर्वापर जमतो, तिथे अर्ध्या गच्चीवर वेल आणि अर्ध्यावर चुना हा चांगला मध्यममार्ग आहे.

परवानगी कोणाची लागते?

सोसायटीत गच्ची सामाईक असते. वरच्या मजल्यावर राहता म्हणून ती तुमची होत नाही. लेखी अर्ज द्या आणि समितीची लेखी संमती घ्या. गच्चीची देखभाल सोसायटीच्या खर्चातून होते, त्यामुळे चुन्याचा खर्चही देखभाल निधीतून व्हावा, असा विषय सर्वसाधारण सभेत मांडता येतो. ‘फायदा फक्त वरच्यांना’ हा आक्षेप येईलच. त्याला उत्तर असे की, कमी तापलेला स्लॅब दिवस-रात्र कमी आकुंचन-प्रसरण पावतो आणि त्याला भेगा कमी पडतात. हा फायदा साऱ्या इमारतीचा आहे.

खरी अडचण भाडेकरूंची आहे. ११ महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस दुसऱ्याच्या छतावर पैसे का घालेल? आणि घरमालक खाली गार खोलीत राहत असेल, तर त्याला घाई का असेल? पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरील सौर पॅनेलसाठी कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि पॅनेलची सावली छताला थोडा गारवाही देते. पण तो लाभही छत ज्याच्या ताब्यात, त्यालाच. सर्वांत तापणाऱ्या घरात राहणारा माणूस बहुधा या यादीत बसत नाही.

सरकारी धोरण काय सांगते?

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा केला. पुढे २०१७ मध्ये वस्त्यांमधील सुमारे तीन हजार घरांची छते पांढरी करण्याचा प्रयोग झाला. मे २०१३ मध्ये ४७.९ अंश अनुभवलेल्या नागपूरनेही नंतर उष्णता कृती आराखड्याची वाट धरली.

केंद्राच्या २०१९च्या ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’मध्ये थंड छतांचा उल्लेख आहे. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्ये छतातून किती उष्णता आत यावी, याची कमाल मर्यादा ठरवली आहे. पण संहितेचा रोख नव्या आणि मोठ्या प्रकल्पांवर आहे. आधीच उभ्या असलेल्या स्लॅबला आणि पत्र्याला ती लागू पडत नाही.

तेलंगणाने २०२३ मध्ये पाच वर्षांचे स्वतंत्र ‘कूल रूफ’ धोरण आणले. राज्यात ३०० चौरस किलोमीटर छते थंड करण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यातील २०० चौरस किलोमीटर एकट्या हैदराबाद परिसरात. सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक आहे. निवासी इमारतींपैकी मात्र ६०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांनाच सक्ती आहे, त्याखालच्या घरांना ते ऐच्छिक. लहान घरांवर सक्ती न करणे समजण्यासारखे आहे. पण सक्तीही नाही आणि मदतही नाही, असे झाले तर तापणारे छत तापतच राहते.

मग करावे काय?

काँक्रीटची गच्ची हाताशी असेल, तर या महिन्यातच चुना लावा. त्याच्या जोडीला पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताटी किंवा जाड पडदा लावा. ऊन काचेच्या आत आल्यावर आतला पडदा फारसे काही करू शकत नाही. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर आणि वाळ्याचे पडदे चांगले काम करतात. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत ते जवळजवळ निरुपयोगी, तिथे छत आणि वारा यांवरच भर द्यावा.

भाड्याने राहत असाल, तर घरमालकाला साहित्य त्याचे आणि मेहनत तुमची, असा सौदा सुचवून पाहा. नवा करार करताना तशी ओळ घालून घ्या. पत्र्याच्या वस्तीत राहणाऱ्यांनी मात्र हा भार एकेकट्याने उचलू नये. पावसाळ्याआधी नालेसफाईची मागणी प्रभाग कार्यालयाकडे होते, तशीच उन्हाळ्याआधी छते रंगवण्याची मागणी नगरसेवकाकडे आणि प्रभाग कार्यालयाकडे लेखी करायला हवी. रंग, फळ्या आणि सरावाची माणसे एकदा गल्लीत आली की दहा घरांचे काम एकत्र होते आणि कोणाला जीव धोक्यात घालून पत्र्यावर चढावे लागत नाही.

चुन्याची बादली एका खोलीतली रात्र सुसह्य करते, एवढे नक्की. पण ज्या घरांत दुपारी थांबणेही कठीण होते, त्यांच्या छतापर्यंत ती बादली पोहोचवण्याचे काम महापालिकांचे आहे आणि ते मार्चच्या आत व्हायला हवे.